जर्मनीत शिकायला जाताना राहणीखर्चाचा हिशेब कसा मांडावा

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेत नाहीत, आणि मराठी घरांत जर्मनीचा विचार सुरू होतो तो बहुधा याच कारणाने. शुल्क नसले की राहणीखर्च हाच शिक्षणाचा जवळजवळ सगळा खर्च होऊन बसतो. या हिशेबात घरोघरी जी चूक होते ती सहसा एकूण रकमेची नसते, वेळेची असते. वर्षाला किती लागतील याचा आकडा सर्वांना पाठ असतो, पण कोणत्या महिन्यात किती पैसे प्रत्यक्ष हाती असावे लागतील हे कोणी कागदावर उतरवलेले नसते. म्हणून पुढील मांडणी खर्चाच्या नावांपेक्षा पैसे बाहेर पडण्याच्या क्रमाकडे अधिक लक्ष देऊन केली आहे.

आधी शुल्काचे अपवाद पाहून घ्यावेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, मानहाइम अशा शहरांतील सरकारी विद्यापीठांत, युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा ओढा याच भागाकडे मोठा असल्याने चार सत्रांचे ६,००० युरो हिशेबात धरलेच पाहिजेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून असे शुल्क सुरू केले असून पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ते दर सत्राला ४,००० ते ६,००० युरो आहे. खासगी विद्यापीठांचे शुल्क हा तर पूर्णपणे वेगळा हिशेब आहे. याशिवाय सर्वच सरकारी विद्यापीठांत सत्रशुल्क म्हणून एक रक्कम वर्षातून दोनदा भरावी लागते. ती साधारण १०० ते ४०० युरो असते आणि ती मुदतीत भरली नाही तर विद्यापीठातील नोंदणीच रद्द होऊ शकते.

ब्लॉक्ड अकाउंटचा आकडा आणि खरा खर्च

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एका वर्षाची रक्कम आधीच भरून दाखवावी लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, ठरलेली आहे. ती जर्मन सरकारच्या विद्यार्थी-साहाय्याच्या दरांवरून ठरते आणि अधूनमधून वाढते, त्यामुळे अर्ज करताना जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा आकडाच प्रमाण मानावा. तिथे पोहोचल्यावर या खात्यातून दरमहा ठरावीक रक्कमच बाहेर येते; अडचण कितीही मोठी असली तरी चार महिन्यांचे पैसे एकदम काढता येत नाहीत.

हा आकडा संपूर्ण देशासाठी एकच आहे, शहरे मात्र एकसारखी नाहीत. पूर्वेकडील केम्निट्झसारख्या शहरात खोलीभाडे ३००, आरोग्य विमा १४५, घरी रांधलेले जेवण २००, सत्रशुल्काचा मासिक वाटा ५०, मोबाइल १०, प्रसारण शुल्क १८ आणि कपडे, वह्या, साबण, केस कापणे वगैरेंसाठी ८० धरले, तर महिना ८०० युरोंच्या आसपास नीट निघतो. म्युनिकमध्ये नुसत्या खोलीलाच ७०० ते ८०० युरो जात असल्याने तोच साधेपणा पाळूनही महिना १,२५० ते १,३५० युरोंवर जातो. म्हणजे एकाच रकमेत एका शहरात थोडे शिल्लक राहतात आणि दुसऱ्या शहरात दरमहा तीनेकशे युरो घरून मागवावे लागतात. दोन विद्यापीठांचे प्रवेश हाती असतील आणि अभ्यासक्रम तुल्यबळ असतील, तर शहराच्या भाड्याला निर्णयात मोठे वजन द्यावे, असे मला ठामपणे वाटते. दोन वर्षांत हा फरक दहा हजार युरोंच्या पुढे जातो, आणि शिक्षणकर्जावर चाललेल्या घरासाठी ही रक्कम लहान नाही.

घर: सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत मोठी काळजी

जर्मन जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे दिसतात. काल्टमीटे म्हणजे केवळ जागेचे भाडे. वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई यांचा अंदाजे खर्च मिळवून होणारे भाडे. हिशेब नेहमी वार्ममीटेवर करावा, आणि वीज व इंटरनेट त्यात धरले आहेत का हे वेगळे विचारावे, कारण अनेकदा ते धरलेले नसतात. शिवाय हीटिंगचा आकडा हा आगाऊ घेतलेला अंदाज असतो. वर्षाअखेर प्रत्यक्ष वापराचा हिशेब येतो आणि वापर जास्त झाला असेल तर फरकाची रक्कम एकदम भरावी लागते. पहिल्याच हिवाळ्यात रेडिएटर पूर्ण उघडा आणि खिडकी दिवसभर अर्धवट तिरकी उघडी ठेवली, तर हे बिल कित्येकशे युरोंचे येऊ शकते. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे खिडकी सताड उघडून हवा खेळती करायची आणि मग घट्ट लावून घ्यायची, ही तिथली रीत आहे. तिने उष्णताही वाचते आणि भिंतीला बुरशीही धरत नाही.

राहण्याचे स्वस्त आणि सुरक्षित ठिकाण म्हणजे श्टुडिरेंडनवेर्क या संस्थांची वसतिगृहे. तिथे खोली साधारण २५० ते ४५० युरोंत मिळते आणि वीज, इंटरनेट बहुधा त्यातच येते. पण मागणी मोठी असल्याने प्रतीक्षायादी लांब असते, आणि मोठ्या शहरांत ती अनेक महिन्यांची असू शकते. म्हणून व्हिसाची वाट न पाहता, प्रवेशाचे पत्र येताच त्याच दिवशी अर्ज करावा. काही शहरांत तर प्रवेशापूर्वीही अर्ज स्वीकारतात. दुसरा मार्ग म्हणजे वेगे, अर्थात तीन-चार जणांनी मिळून घेतलेल्या सदनिकेतील एक खोली. ती वेगे-गेझुख्ट या संकेतस्थळावर शोधतात. तिथे पाठवायचा संदेश छोटा पण स्वतःबद्दल काही सांगणारा असावा. शक्यतो तो जर्मनमध्ये लिहावा, मोडका असला तरी चालेल. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवून उत्तरे क्वचितच येतात.

येथेच फसवणूकही सर्वाधिक होते. घरमालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, आधी अनामत पाठवा, असे कोणी म्हणत असेल तर तो व्यवहार तिथेच थांबवावा, मग छायाचित्रे कितीही सुंदर असोत. घर पाहिल्याशिवाय, किंवा तिथल्या विश्वासातल्या माणसाने ते पाहून व्हिडिओवर दाखवल्याशिवाय, खासगी मालकाला एक युरोही पाठवू नये. बहुतेक मोठ्या शहरांत मराठी मंडळे आणि भारतीय विद्यार्थ्यांचे गट आहेत. एखादे घर पाहून ये, एवढी विनंती तिथे नि:संकोच करता येते.

घर घेताना तिथे आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नगरपालिकेतील नोंद, करता येईल का हे भाड्याइतकेच महत्त्वाचे आहे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंद करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. निवासपरवान्यासाठी ही नोंद हवीच, आणि अनेक बँकाही ती मागतात. थोडक्या भाड्याच्या मोहाने नोंद न होणारी खोली घेतली, तर पुढची सगळी कामे अडून बसतात.

पहिले दोन महिने

महिन्याच्या खर्चाचा तक्ता पहिल्या दोन महिन्यांना लागूच पडत नाही, आणि घरून नेलेली तयारी कमी पडते ती येथे. घराची अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते. ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने दिलेला आहे, पण अनेक मालक ती एकदम मागतात आणि नवखा विद्यार्थी वाद घालत नाही. वसतिगृहांची अनामत याहून कमी असते. ही रक्कम परत मिळणारी असली, तरी शिक्षण संपवून घर सोडेपर्यंत ती अडकून राहते, आणि सोडल्यानंतरही परत येण्यास काही महिने लागतात.

अनामतीबरोबर पहिले भाडे, सत्रशुल्क, विम्याचा हप्ता, निवासपरवान्याचे १०० युरो, गादी-पांघरूण, भांडी आणि थंडीचे बूट व कोट हे सारे एकाच वेळी पुढे उभे राहते. खोली ताब्यात मिळण्यापूर्वी काही रात्री हॉस्टेलमध्ये काढाव्या लागल्या तर त्याचा खर्च वेगळा. हे सर्व मिळून दोन ते तीन हजार युरो सहज होतात. त्याच वेळी ब्लॉक्ड अकाउंटमधून पैसे येण्यासाठी आधी चालू खाते उघडावे लागते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गर्दीत पत्त्याच्या नोंदीची वेळच कधी कधी तीन-चार आठवड्यांनंतरची मिळते. म्हणून ११,९०४ युरोंव्यतिरिक्त किमान २,००० आणि म्युनिक, फ्रँकफुर्ट, हाम्बुर्ग यांसाठी ३,००० युरो वेगळे ठेवावेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. यातले तीन-चारशे युरो रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डावर असावेत. काही ब्लॉक्ड अकाउंट सेवांमध्ये ठरलेल्या रकमेहून थोडे जास्त पैसे भरून ते पहिल्या हप्त्याबरोबर एकदम मिळवता येतात. अशी सोय असेल तर ती जरूर घ्यावी.

पुण्या-मुंबईतून काय न्यावे याबद्दल मोजक्याच गोष्टी सांगतो. दातांची सर्व कामे निघण्यापूर्वी उरकावीत आणि चष्म्याचे दोन जादा जोड करून घ्यावेत, कारण प्रौढांना सरकारी विम्यातून चष्मा सहसा मिळत नाही. प्रेशर कुकरही न्यावाच. जाड कोट मात्र तिथेच घ्यावा. आपल्याकडचा कोट उणे तापमानात पुरत नाही, आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत चांगले कोट स्वस्तात मिळतात.

विमा, जेवण आणि लहान वाटणारे खर्च

आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नोंदणीच होत नाही. तिशीच्या आतील विद्यार्थ्याला सरकारी विमा सवलतीच्या दरात मिळतो. तो महिन्याला साधारण १४५ युरो पडतो, आणि तेविसाव्या वर्षानंतर मूल नसलेल्यांना त्यातल्या काळजी विम्याचा, म्हणजे दीर्घकाळच्या शुश्रूषेसाठीच्या विम्याचा, हप्ता थोडा वाढतो. वय तीस ओलांडलेले असेल तर ही सवलत मिळत नाही. नोकरी करून उशिरा शिकायला निघालेल्यांनी हा खर्च आधीच चौकशी करून धरावा. स्वस्त दिसणारा खासगी विमा घेऊन सरकारी विम्यातून एकदा सूट मागितली, की त्या शिक्षणाच्या काळात पुन्हा सरकारी विम्यात येता येत नाही, हे कुणी एजंट सांगेलच असे नाही. विमानप्रवासापासून विद्यापीठातील नोंदणीपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवास विमा वेगळा काढावा लागतो.

जेवणाचा खर्च सर्वस्वी स्वतःच्या हाती असतो. आल्डी, लिडल, पेनी, नेट्टो ही स्वस्त दुकाने. रेवे आणि एडेका त्यांहून महाग. तूर डाळ, पोह्यांसाठी भारतीय दुकान गाठावे लागते, पण मसूर, हरभरे, तांदूळ, कोथिंबीर, मिरच्या यांसाठी तुर्की दुकाने उत्तम आणि स्वस्त असतात. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी बाजार करून ठेवण्याची सवय लागली नाही तर दर रविवारी बाहेरच्या खाण्यावर दहा-पंधरा युरो जातात. दुपारी विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे भोजनालयात, तीन ते पाच युरोंत भरपेट जेवण मिळते आणि तिथे शाकाहारी पदार्थही नेहमी असतात. नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याने बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही; घेतलीच तर प्लास्टिकच्या बाटलीवरचे २५ सेंट दुकानातील यंत्रात बाटली परत टाकून मिळवावेत. रोज घरी स्वयंपाक करणाऱ्याला १८० ते २५० युरोंत महिनाभर चांगले खाता येते. जेवणात काटकसर करून पैसे वाचवण्याचा प्रयत्न मात्र कोणी करू नये. पहिल्या हिवाळ्यात अंधार, थंडी आणि परीक्षा एकत्र येतात, तेव्हा शरीराला पुरेसे अन्न लागते.

पत्त्याची नोंद झाली की काही आठवड्यांत रुंडफुंकबाइट्राग, म्हणजे रेडिओ-टीव्हीच्या प्रसारण शुल्काचे पत्र येते. ते महिन्याला १८.३६ युरो असून माणशी नव्हे, घरामागे आकारले जाते. घरात टीव्ही नसला तरी ते द्यावेच लागते, मात्र वेगेत राहत असाल तर एकाने भरून बाकीच्यांनी वाटून घेता येते. जर्मन भाषेतले पत्र समजले नाही म्हणून बाजूला ठेवले, तर थकबाकी साचत जाते. प्रवासासाठी अनेक विद्यापीठांच्या सत्रशुल्कातच देशभर चालणारे तिकीट असते. मूळ तिकीट जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो झाले असून विद्यार्थ्यांना ते त्याच्या साधारण ६० टक्के किमतीत मिळते. ते वेगवान आयसीई गाड्यांत चालत नाही. मोबाइलला दहा युरो पुरतात. आणखी एक खर्च मी आवर्जून करायला सांगेन: महिना चार-पाच युरोंचा हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा. किल्ल्यांचा समावेश असलेली योजना निवडावी, कारण सबंध इमारतीची एक किल्ली हरवली तर कुलपे बदलण्याचा खर्च भाडेकरूवर येऊ शकतो.

नोकरीचे उत्पन्न कधी धरावे

मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. विद्यापीठातील साहाय्यकाची कामे यात मोजली जात नाहीत. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून ताशी १३.९० युरो आहे. आठवड्याला दहा तास काम केले तर महिन्याला सुमारे ६०० युरो होतात, आणि मिनीजॉबची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या सवलतीच्या नोकरीची, मासिक मर्यादाही ६०३ युरो आहे, त्यामुळे त्यावर आयकर किंवा आरोग्य विम्याची कपात जवळपास होत नाही. परवानगीशिवाय स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बिले देऊन काम करणे मात्र नियमात बसत नाही.

कागदावर हे आकर्षक दिसते, तरीही पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात नोकरीचे उत्पन्न शून्य धरावे. पहिले सत्र भाषा, परीक्षापद्धती आणि कागदपत्रांत जाते, आणि जर्मन येत नसेल तर गोदामातील किंवा स्वयंपाकघरातील कामांपलीकडे फारसे काही मिळत नाही. त्यासाठी रात्रपाळ्या केल्या आणि विषय राहिले, तर शिक्षण एक सत्र लांबते. त्या एका सत्राचा राहणीखर्चच पाच-सहा हजार युरो होतो. याउलट निघण्यापूर्वी पुण्या-मुंबईच्या माक्स म्युलर भवनात किंवा अन्यत्र बी-१, म्हणजे मध्यम, पातळीपर्यंत जर्मन शिकून गेलेल्याला दुसऱ्या सत्रात बरे काम मिळण्याची शक्यता कितीतरी वाढते. भाषेच्या वर्गाची फी हा राहणीखर्चाचाच भाग समजून त्यात हात आखडता घेऊ नये.

रुपया, बँक आणि दुसरे वर्ष

२०२५ च्या सुरुवातीला एक युरो ९० रुपयांच्या किंचित खाली होता. वर्ष संपताना तो १०५ च्या आसपास गेला. म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटची तीच रक्कम आधी साडेदहा लाखांत भरता येत होती, नंतर तिला साडेबारा लाख लागू लागले. म्हणून कर्जमंजुरी घेताना युरोच्या चालू दरावर किमान दहा टक्के वाढ धरूनच रक्कम मागावी. परदेशी पैसे पाठवताना शिक्षणासाठी वर्षाला १० लाख रुपयांवरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. ही मर्यादा पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या पॅननिहाय मोजली जाते, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शिक्षणकर्जातून गेलेल्या पैशांवर हा कर कापत नाहीत. कापलेली रक्कम विवरणपत्र भरून वळती करून घेता येते, पण तोवर ती हाताबाहेर असते. कर्जाचे हप्ते शिक्षणानंतर सुरू होत असले, तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढते; शक्य असेल त्या घराने निदान व्याज तरी दरमहा भरत राहावे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे निकष प्रवेशाचे अर्ज करण्यापूर्वीच पाहावेत, कारण पात्रता विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीशी जोडलेली आहे आणि या शिष्यवृत्तीत राहणीखर्चाचाही समावेश होतो.

पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि पाच सत्रे लागणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. निवासपरवान्याचे नूतनीकरण करताना परदेशी नागरिक कार्यालय पुढील काळाच्या राहणीखर्चाचा पुरावा पुन्हा मागते. तो पुन्हा ब्लॉक्ड अकाउंट भरून, शिष्यवृत्तीच्या पत्राने किंवा नियमित पगाराच्या पावत्यांनी देता येतो. कोणता पुरावा चालेल हे शहरागणिक थोडे बदलते. पहिल्या वर्षाच्या रकमेवर सर्व शक्ती खर्च केलेल्या घराला हे पत्र अचानक आल्यासारखे वाटते. परवान्याची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी खात्यात किती उरले आहेत, पगाराच्या किती पावत्या जमल्या आहेत आणि कर्जाचा दुसरा हप्ता बँकेकडून केव्हा सुटेल, या तीन गोष्टी विद्यार्थ्याने आणि पालकांनी एकत्र बसून लिहून काढाव्यात. कार्यालयाच्या भेटीची वेळही तेव्हाच मागून ठेवावी, कारण मोठ्या शहरांत ती मिळायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात.